एआय सहायकाकडून दस्तऐवज वाचनासाठी उघडून घ्या: मराठी वाचकांसाठी सविस्तर कृती

क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनाय सीएलआय असे कोड लिहिणारे सहायक कोडबरोबर भरपूर गद्यही लिहितात. कामाचे आराखडे, अहवाल, भाषांतराचे मसुदे, जुन्या फाइलींचे तपशीलवार परीक्षण असे बरेच काही. हे सगळे आपण बहुधा टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीतच, मजकूर वर सरकवत वाचत बसतो. इंग्रजीत ते कसेबसे निभावते. मराठीत डोळ्यांवर फार ताण येतो, आणि त्याचे कारण टर्मिनलच्या बांधणीतच आहे.

टर्मिनल पडद्याची विभागणी सारख्या आकाराच्या चौकटींत करतो आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर बसवतो. रोमन अक्षरे त्यात सहज बसतात. देवनागरीत 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, पण पडद्यावर ती क च्या आधी दिसावी लागते. 'क्ष', 'त्र्य', 'ष्ट्र' यांना एका चौकटीपेक्षा जास्त जागा लागते. म्हणून कुठे मात्रा पुढच्या अक्षरावर सरकते, कुठे जोडाक्षर पाय मोडून सुटे पडते, तर कुठे ओळ भलतीकडेच तुटते. काही टर्मिनल अक्षरे नीट जोडतात, पण ओळींमधले अंतर इतके कमी असते की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकतो. अशा जागी दोन-चार वाक्यांचे उत्तर वाचता येते. चाळीस पानांचा मसुदा तिथे लक्षपूर्वक वाचता येत नाही, आणि लक्षपूर्वक न वाचलेल्या मसुद्याला आपण होकार देऊन बसतो. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

यावरचा उपाय साधा आहे. तोच सहायक तोच दस्तऐवज चांगल्या टायपात (फॉन्टमध्ये), नीट समासांसह ब्राउझरमध्ये उघडून देऊ शकतो. त्यासाठी तुम्हाला प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही, कारण सूचना मराठीत दिल्या तरी चालतात. उदाहरणासाठी मी क्लॉड कोड घेतो. इतर सहायकांमध्ये फाइलींची नावे वेगळी असतील, कृती हीच राहते.

उघडायला सांगा, दाखवायला नको

'ही फाइल मला दाखव' असे म्हटले की सहायक ती फाइल स्वतः वाचतो आणि तिचा मजकूर पुन्हा टर्मिनलमध्ये टाइप करतो. ते टाळायला हवे, कारण सहायकामागचे भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) मजकुराची नक्कल करत नाही, तो नव्याने लिहिते. छोट्या मजकुरात फरक पडत नाही. मजकूर मोठा असेल तर मधला परिच्छेद आटोपता घेतला जातो, शुद्धलेखन 'सुधारले' जाते, बोलीतल्या शब्दाच्या जागी प्रमाण शब्द येतो. १९६२च्या लेखननियमांआधीचा मजकूर असेल तर त्यातले जुने अनुस्वार गळण्याची दाट शक्यता असते. तुम्ही मूळ वाचत आहात असे समजता आणि हाती असते त्याचे पुनर्लेखन. जुन्या संहितांवर काम करणाऱ्यांना, वकिलांना आणि भाषांतरकारांना हे परवडणारे नाही.

दुसरे कारण खर्चाचे आहे. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइट घेते, आणि प्रारूपाच्या लेखी मराठी वाक्याचे तुकडे तेवढ्याच इंग्रजी वाक्यापेक्षा जास्त पडतात. मोठी मराठी फाइल संवादात ओतली की सहायकाची कार्यस्मृती लवकर भरते आणि आधीच्या सूचना मागे पडू लागतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून सवय ही लावा:

> अमुक फोल्डरमधली अमुक फाइल तू स्वतः वाचू नकोस. ती या संगणकाच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये माझ्यासाठी उघडून दे.

क्लॉड कोडमध्ये फाइलचे नाव 'ॲट' चिन्ह लावून दिले तर फाइलचा मजकूर लगेच संवादात ओढला जातो. नुसते उघडायचे असेल तेव्हा ते चिन्ह न लावता फाइलचा पत्ता साधा लिहा. मॅकवर फाइल माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडली की पत्ता आपोआप लिहिला जातो, फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागांसकट.

नुसते उघडणे

सहायक यासाठी संगणकाची तयार आज्ञा वापरतो. मॅकवर ती 'ओपन', लिनक्सवर 'एक्सडीजी-ओपन', विंडोजवर 'स्टार्ट'. तुमचा संगणक कोणता हे त्याला कळते, त्यामुळे या आज्ञा पाठ करायची गरज नाही. पहिल्यांदा तो परवानगी मागेल. आज्ञेत खरोखर फाइल उघडण्याचेच काम आहे ना हे बघा आणि मग हो म्हणा.

पीडीएफ, वर्ड, चित्रे यांचे काम इथेच भागते. सहायक स्वतः जे लिहितो ते मात्र बहुधा मार्कडाउन फाइलीत असते. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणलेली ही पद्धत साध्या मजकुरात मथळ्यासाठी हॅश आणि ठळक अक्षरांसाठी तारका वापरते. अशी फाइल उघडली की बहुतेक संगणकांवर साधा मजकूर-संपादक पुढे येतो आणि हॅश-तारका तशाच दिसतात. तुमच्याकडे व्हीएस कोड हा संपादक-प्रोग्रॅम असेल तर फाइल त्यात उघडायला सांगा आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, मॅकवर कमांड-शिफ्ट-व्ही. नीट मांडलेले पान दिसेल, आणि सहायक फाइलीत बदल करत गेला की पानही बदलत जाईल. ज्याला रोज एखादाच आराखडा नजरेखालून घालायचा आहे त्याला एवढे पुरे. तासभर बसून वाचायचे असेल तर पुढची कृती करा.

वाचनाचे पान तयार करणारी स्क्रिप्ट

इथे पॅनडॉक हा मुक्त प्रोग्रॅम कामाला येतो. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी तो २००६ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. मार्कडाउन, वर्ड, ईपब (ई-पुस्तक), एचटीएमएल (वेबपान) अशा अनेक स्वरूपांची तो आपसांत अदलाबदल करतो. आपल्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो ठरलेल्या नियमांनी चालतो. तीच फाइल दिली की दर वेळी तेच पान मिळते. शब्द बदलण्याची बुद्धी त्याला नाही, आणि वाचनासाठी मजकूर वाहून नेणाऱ्याकडे ती नसलेलीच बरी.

पॅनडॉक बसवून घ्यायचे कामही सहायकालाच सांगता येते. मॅकवर होमब्रू, उबुंटूवर ॲप्ट, विंडोजवर विनगेट या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनांतून तो मिळतो. त्यानंतर सहायकाकडून एकदाच एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, लिहून घ्या आणि पुढे कायम तीच वापरा. दर वेळी 'छान पान बनव' असे सांगत राहिलात तर दर वेळी वेगळे पान मिळेल. एकदा लिहिलेली स्क्रिप्ट सहायक बंद असतानाही चालते. मी तिचे नाव 'वाच' ठेवले आहे. मॅक आणि लिनक्सवर आज्ञेचे नाव देवनागरीत ठेवले तरी चालते.

> 'वाच' नावाची एक स्क्रिप्ट लिही. तिला मार्कडाउन किंवा वर्ड फाइलचा पत्ता दिला की तिने पॅनडॉकने स्वयंपूर्ण एचटीएमएल पान करावे, चित्रे आणि शैलीपत्रक पानातच समाविष्ट करावे, मथळ्यांवरून अनुक्रमणिका द्यावी, पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी. पान माझ्या घरच्या फोल्डरातल्या 'वाचन' या फोल्डरात ठेवावे आणि ब्राउझरमध्ये उघडावे. मूळ फाइलला हात लावू नये. मजकुरातले कच्चे एचटीएमएल वगळावे.

तयार पाने प्रकल्पाच्या फोल्डरात न ठेवता वेगळ्या 'वाचन' फोल्डरात ठेवायची, म्हणजे ती चुकून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जात नाहीत.

आता शैलीपत्रक, म्हणजे पान कसे दिसावे हे ठरवणारी फाइल. वाचनाचे सगळे सुख यावर अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ द्या.

ओळीची लांबी आधी ठरवा. वेबवरील सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक सूचनांत सर्वांत वरच्या पातळीवर ओळीत ८० पेक्षा जास्त अक्षरे नसावीत, परिच्छेदातल्या ओळींचे अंतर किमान दीडपट असावे आणि मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नये असे सांगितले आहे. मराठीसाठी मी यापुढे जाईन. २० पिक्सेलचा टाइप, ६५० ते ७०० पिक्सेल रुंदीचा स्तंभ आणि ओळींमध्ये १.७ ते १.८ पट अंतर. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, त्यांना मोकळी जागा लागते. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोह टाळा. मराठीत विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून शब्द लांब होतात, ओळीत शब्द कमी बसतात, आणि ओळ ताणली की मधे भगदाडे पडतात.

अक्षरांमधले अंतर वाढवू नका. इंग्रजी मथळ्यांना शोभा यावी म्हणून तसे करण्याची पद्धत आहे आणि सहायक सवयीने तशी शैली लिहून जातो. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरेही बंद करा. बहुतेक देवनागरी टायपांना खरा तिरपा अवतार नसतो, ब्राउझर सरळ अक्षरे ओढून तिरपी करतो. जोर द्यायच्या शब्दांना वेगळा रंग किंवा ठळकपणा पुरतो.

टाइप कोणता? दीर्घ वाचनासाठी मला टिरो देवनागरी मराठी आवडतो. त्याची धाटणी छापील पुस्तकाची आहे. पण त्यात ठळक वजन नाही, म्हणून मथळे आणि ठळक शब्द मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या मुक्ता टायपात ठेवा. त्यात सात वजने आहेत. दोन्ही विनामूल्य आहेत. काहीच बसवायचे नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय, मॅकवर कोहिनूर देवनागरी हे आधीपासून असतात. टाइप संगणकावर उतरवून बसवा. पानातून इंटरनेटवरचा टाइप मागवला तर जोडणी नसताना पान विस्कटते, आणि खासगी दस्तऐवज उघडताना बाहेरच्या सर्व्हरशी विनाकारण संपर्क होतो.

पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगितले त्यामागेही कारण आहे. २००९च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण वळणे मानली. नोटो सान्स देवनागरीसारख्या काही टायपांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात, आणि पानावर भाषेची नोंद पाहून ब्राउझर त्यांतले एक निवडतो. नोंद नसेल तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

रंगांत पार्श्वभूमी किंचित पिवळसर पांढरी आणि अक्षरे गडद राखाडी ठेवा, पण दोन्हींमधला उठाव (कॉन्ट्रास्ट) किमान ७ ला १ राहील हे सहायकाला मोजून बघायला सांगा. रात्री वाचणाऱ्यांसाठी संगणकाची गडद थीम चालू असेल तर पानही गडद व्हावे, ही दोन ओळींची भर आहे.

मराठी मजकूर कुठे अडतो

मार्कडाउन इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी घडले आणि त्याच्या खुणा मराठीत लगेच जाणवतात. सर्वांत मोठी अडचण क्रमांकांची. ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा (1, 2, 3) आणि टिंब असेल तरच मार्कडाउन त्याला यादी मानते. आपण '१.', '२.', '३.' असे देवनागरी आकडे लिहिले तर त्याला ती यादी वाटत नाही, आणि दहा मुद्द्यांचा एक लांबलचक परिच्छेद होऊन बसतो. ठरावाची कलमे, परीक्षेचे प्रश्न, पाककृतीतल्या पायऱ्या सगळे एकात एक मिसळते.

तसेच साध्या नव्या ओळीचे. मार्कडाउन एकच नवी ओळ सोडली तर ती मोडून आधीच्या ओळीला जोडते. ओवी, अभंग, पत्ता, पत्राखालची सही यांचा त्यामुळे चेंदामेंदा होतो.

दोन्हींवर उपाय स्क्रिप्टमध्येच करून ठेवा:

> फाइलीत देवनागरी आकड्यांनी सुरू होणाऱ्या ओळी असतील तर तात्पुरत्या प्रतीत त्यांचे इंग्रजी आकडे (1, 2, 3) कर आणि पानावर याद्यांचे क्रमांक देवनागरीतच दिसतील अशी शैली ठेव. पद्य किंवा पत्ते असलेल्या फाइलींसाठी प्रत्येक ओळ मूळ जागी तोडण्याचा वेगळा पर्याय दे.

'तात्पुरत्या प्रतीत' हे शब्द गाळू नका, नाहीतर तो मूळ फाइलीतले आकडे बदलून मोकळा होईल. एक खबरदारी आणखी: '१९८४. त्या वर्षी...' अशी ओळ सालाने सुरू होत असेल तर तीही यादीत जाऊ शकते. दोनपेक्षा जास्त अंकी आकड्यांना हात लावू नकोस असे सांगून ठेवा.

अवतरणचिन्हातल्या ठळक शब्दाला प्रत्यय जोडलेला असेल, म्हणजे 'पुणे'च्या अशा धर्तीचा, तर काही वेळा तारका तशाच उरतात. चिन्हामागे लगेच अक्षर आल्यामुळे तारका इथे संपते हे मार्कडाउनला उमगत नाही. तारका अवतरणचिन्हाच्या आत नेल्या की प्रश्न मिटतो.

वर्ड, पीडीएफ आणि स्कॅन

वर्ड फाइल 'वाच'ने उघडताना एक धोका ध्यानात ठेवा. संपादकाने फाइलीत बदल-नोंद चालू ठेवून काम केले असेल तर पॅनडॉक न सांगता सगळे बदल स्वीकारलेले धरतो. खोडलेले शब्द नाहीसे होतात, समासातले शेरे दिसत नाहीत. संपादित हस्तलिखित किंवा कराराचा मसुदा वाचताना नेमके तेच हवे असते. सहायकाला 'बदल आणि शेरे सगळे ठेवून पान कर, खोडलेला मजकूर खोडरेघेसह आणि घातलेला वेगळ्या रंगात दाखव' असे सांगा. पानांच्या वरचे-खालचे कायमचे मथळे पॅनडॉक सोडून देतो, तेव्हा पत्राचा संदर्भ क्रमांक तिथे असेल तर तो मूळ फाइलीत जाऊन बघा.

पीडीएफचे वेगळे आहे. पीडीएफ हे मुळात छपाईचे चित्रण. कोणते अक्षरचित्र पानावर कुठे बसवायचे याची नोंद त्यात असते, त्या चित्राखाली मूळ अक्षर कोणते याची नोंद नेहमी धड नसते. देवनागरीत वेलांटी आणि रफार जागा बदलतात, जोडाक्षरांची स्वतंत्र चित्रे असतात, म्हणून युनिकोडमध्ये बनलेल्या पीडीएफमधूनही मजकूर काढला की तो मोडका निघू शकतो. युनिकोडआधीच्या श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख अशा टायपांतल्या पीडीएफमधून तर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खच पडतो. महाराष्ट्रातल्या जुन्या सरकारी कागदांत, साखर कारखान्यांच्या अहवालांत, स्मरणिकांत हे टाइप सर्रास आहेत.

अशा वेळी सहायक हार मानत नाही, आणि तीच भीती आहे. मोडक्या मजकुरावरून अंदाज बांधून तो सुरेख वाचनीय मराठी तयार करून देऊ शकतो, आणि त्यातले कोणते शब्द खरे हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून पीडीएफच्या बाबतीत आधी तपासणी करून घ्या:

> पहिल्या तीन पानांतला मजकूर साधनाने काढ. त्यात देवनागरी चिन्हांचे प्रमाण किती, आणि शब्दाच्या सुरुवातीलाच सुटी मात्रा किंवा वेलांटी किती ठिकाणी आली आहे ते मोजून सांग. मजकूर स्वतः दुरुस्त करू नकोस.

देवनागरी भरपूर आणि सुट्या मात्रा जवळजवळ नाहीत, तरच त्या मजकुराचे वाचनपान करा. नाहीतर पीडीएफ आहे तशीच, पूर्ण पडदाभर, रुंदीला बसेल अशी उघडायला सांगा आणि चित्र म्हणून वाचा. त्यात काही कमीपणा नाही.

स्कॅनसाठी टेसरॅक्ट हा अक्षर ओळखणारा मुक्त प्रोग्रॅम आहे. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८०च्या दशकात सुरू झालेला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झालेला. मराठीसाठी त्याची स्वतंत्र माहिती-फाइल मिळते. ती बसवली आहे ना हे पाहा, नाहीतर पान इंग्रजी समजून वाचले जाईल. यातही मी सुटा मजकूर काढण्यापेक्षा ओसीआर-माय-पीडीएफ या साधनाचा मार्ग पसंत करतो. ते मूळ पानाचे चित्र जसेच्या तसे ठेवते आणि त्यामागे ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर घालते. डोळ्यांना मूळ छपाई दिसते, शोध मात्र घेता येतो. सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते यांतले आकडे कधीही ओळखलेल्या मजकुरावरून घेऊ नका. पुसट छपाईत देवनागरी आकडे एकमेकांसारखे दिसतात.

कायमची सूचना

रोज तेच सांगायला लागू नये म्हणून सूचना एका फाइलीत लिहून ठेवा. क्लॉड कोड प्रत्येक कामाच्या सुरुवातीला 'क्लॉड डॉट एमडी' ही फाइल वाचतो. नाव रोमन लिपीत, त्यातला 'क्लॉड' मोठ्या अक्षरांत. ती प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवली तर त्या प्रकल्पापुरती लागू होते, तुमच्या घरच्या फोल्डरातल्या 'डॉट-क्लॉड' फोल्डरात ठेवली तर सगळीकडे. कोडेक्स 'एजंट्स डॉट एमडी' वाचतो, जेमिनाय सीएलआय 'जेमिनाय डॉट एमडी'. सूचना थोडक्यात लिहा:

> मी 'वाचायला उघड' म्हटले की 'वाच' स्क्रिप्ट चालव. फाइल स्वतः वाचू नकोस, सारांश देऊ नकोस, मजकूर टर्मिनलमध्ये छापू नकोस. तू स्वतः एका पडद्यापेक्षा मोठा अहवाल किंवा आराखडा लिहिलास तर तो फाइलीत लिही, 'वाच'ने उघड आणि टर्मिनलमध्ये फक्त फाइलचा पत्ता दे. पान उघडता आले नाही तर कारण सांग, दुसरा मार्ग स्वतःहून काढू नकोस.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. साधन अडले की सहायक मदत करण्याच्या भरात मजकूर स्वतः टाइप करायला घेतो.

'वाच'ला एकदाची परवानगी देऊन टाका म्हणजे दर वेळी प्रश्न येणार नाही. पण परवानगी त्या एका स्क्रिप्टपुरतीच द्या, कोणतीही फाइल उघडण्याची सरसकट नको. क्लॉड कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह देऊन आज्ञा लिहिली तर ती प्रारूपाकडे न जाता थेट चालते. 'वाच' आणि फाइलचा पत्ता असे तिथे लिहिले की झाले.

फाइल लिहिली की आपोआप काही चालावे अशी हुक नावाची सोयही क्लॉड कोडमध्ये आहे. तिचा मोह होतो, पण प्रत्येक बारीक बदलाला ब्राउझरमध्ये नवी खिडकी उघडू लागली की वाचन होतच नाही. हुक लावायचाच तर पान नव्याने तयार करण्यापुरता लावा. उघडणे तुमच्या शब्दावर राहू द्या.

पडदाच नसेल तेव्हा

सहायक दूरच्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये (संगणकातल्या बंदिस्त कप्प्यात) चालत असेल तर तिथे उघडायला ब्राउझर नसतो. पान तयार होते, उघडत काहीच नाही. व्हीएस कोडच्या दूरजोडणीतून काम करत असाल तर पूर्वदृश्य तिथेच दिसते. नसेल तर 'वाचन' फोल्डरापुरता पायथनचा छोटा वेब सर्व्हर चालवायला सांगा आणि एसएसएच बोगद्यातून (दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या सुरक्षित मार्गातून) तो आपल्या ब्राउझरमध्ये बघा. हा सर्व्हर मुळात जाळ्यातल्या सगळ्यांना खुला असतो, म्हणून तो 'फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर' चालवायला सांगायला विसरू नका आणि वाचून झाले की बंद करा. विंडोजवर डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आत सहायक असेल तर लिनक्सची आज्ञा बहुधा निष्फळ ठरते. 'विंडोजच्या एक्सप्लोररमार्फत उघड' म्हटले की पान विंडोजच्या ब्राउझरमध्ये येते.

पान आणि मूळ जुळते का

पहिल्या काही फाइलींसाठी आणि महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीसाठी जुळणी करून घ्या. 'दोन्ही सारखे आहेत ना?' असे सहायकाला विचारू नका, तो बघून हो म्हणेल. मूळ फाइल आणि तयार पान दोन्हींचा साधा मजकूर काढून डिफ या तुलना करणाऱ्या आज्ञेने फरक दाखवायला सांगा, शिवाय मथळे, तक्ते, तळटीपा आणि चित्रे यांची मोजणी दोन्हीकडची. ही जुळणीही 'वाच'मध्येच घालता येते, म्हणजे फरक सापडला तर पानाच्या माथ्यावर लाल पट्टी दिसेल.

दुसऱ्याकडून आलेल्या दस्तऐवजांबाबत आणखी सावध राहा. मजकुरात सहायकाला उद्देशून आज्ञा लपवलेल्या असू शकतात, पांढऱ्या अक्षरांत किंवा टिप्पणीत, आणि सहायकाने फाइल वाचली तर तो त्या पाळू शकतो. फाइल न वाचता फक्त उघडून देण्याच्या आपल्या पद्धतीचा इथे दुहेरी फायदा होतो. कच्चे एचटीएमएल वगळायला सांगितले तेही याच कारणासाठी, म्हणजे मजकुरात दडवलेली स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालत नाही.

ऐकणे आणि फोनवर नेणे

डोळे थकले असतील तर पान मायक्रोसॉफ्ट एजमध्ये उघडा आणि कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा. मराठी आवाजात ते वाचून दाखवते. नैसर्गिक वाटणाऱ्या आवाजांसाठी मजकूर इंटरनेटवरून जातो, म्हणून गोपनीय कागद असे ऐकू नका. फोनवर किंवा ई-वाचकावर न्यायचे असेल तर पॅनडॉककडूनच ईपब करून घ्या आणि टाइप ईपबच्या आतच बसवायला सांगा. कागदावर हवे असेल तर ब्राउझरमधूनच छापा. पॅनडॉक पीडीएफसाठी न सांगता पानमांडणीचे जे लाटेक इंजिन वापरतो ते देवनागरीवर अडते. झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडून टाइप नेमून दिला तर काम होते, पण तेवढ्या खटाटोपाची गरज क्वचितच असते.

वाचून झाल्यावर शेरे परत नेणे

मसुदा वाचताना दुरुस्त्या सुचतातच, आणि त्या सहायकाला सांगताना 'तो मधला परिच्छेद, जिथे धरणाचा उल्लेख आहे तो' असे वर्णन करत बसावे लागते. त्यावर फार उपयोगी युक्ती म्हणजे प्रत्येक परिच्छेदाला समासात फिकट रंगात देवनागरी क्रमांक देणे. शैलीपत्रकातच आपोआप मोजणी करता येते, मूळ फाइलीत काही भरावे लागत नाही. सोबत 'वाच'ला क्रमांक आणि मूळ फाइलीतली ओळ यांची जोडयादी 'वाचन' फोल्डरात ठेवायला सांगा, म्हणजे सहायकाला परिच्छेद मोजत बसावे लागणार नाही आणि चुकणारही नाही.

मग वही घेऊन वाचा, क्रमांकापुढे शेरा लिहा आणि शेवटी सगळे एकदम द्या:

> परिच्छेद १७: दुसरे वाक्य काढ. परिच्छेद २३: 'लाभार्थी'ऐवजी 'शेतकरी'. परिच्छेद ४१: आकडा तपास, बदलू नकोस. फक्त एवढेच परिच्छेद उघड. बदल शेवटच्या परिच्छेदापासून सुरुवातीकडे करत ये, म्हणजे आधीचे क्रमांक हलणार नाहीत. झाल्यावर बदललेले परिच्छेद जुने-नवे शेजारी ठेवून 'वाच'ने उघड.